चित्रपट तबकड्यांचा ऱ्हास

चित्रपट तबकड्यांचा ऱ्हास म्हणजे व्हीसीडी, डीव्हीडी, ब्लू-रे यांसारख्या प्रकाशीय तबकड्यांवरील चित्रपट विकत किंवा भाड्याने आणून घरी पाहण्याची पद्धत मागे पडून तिची जागा आंतरजालावरील स्ट्रीमिंग सेवांनी घेण्याची प्रक्रिया होय. अमेरिकेत ही प्रक्रिया इ.स. २००७ नंतर, तर भारतात प्रामुख्याने इ.स. २०१६ नंतर वेगाने घडून आली. या बदलामुळे चित्रपट पाहणे सोपे व स्वस्त झाले. परंतु चित्रपटाची प्रत प्रेक्षकाच्या हाती राहण्याऐवजी केवळ तो पाहण्याची परवानगी हाती येऊ लागली. त्यामुळे मालकी हक्क, चित्रपटांची उपलब्धता आणि जतन यांविषयी नवे प्रश्न निर्माण झाले आहेत.

पार्श्वभूमी

घरी हवा तेव्हा हवा तो चित्रपट पाहण्याची सोय प्रथम चुंबकीय फितीच्या व्हिडिओ कॅसेटने करून दिली. इ.स. १९७५ मध्ये सोनी कंपनीची बीटामॅक्स आणि इ.स. १९७६ मध्ये जेव्हीसी कंपनीची व्हीएचएस ही कॅसेट जपानमध्ये बाजारात आली. भारतात १९८०च्या दशकात शहरोशहरी व्हिडिओ लायब्ऱ्या निघाल्या. मुंबईत इ.स. १९६२ मध्ये पुस्तकांचे फिरते वाचनालय म्हणून सुरू झालेल्या शेमारू या संस्थेने इ.स. १९७९ मध्ये व्हिडिओ कॅसेट भाड्याने देण्यास प्रारंभ केला. पुढे ही संस्था गृहचित्रपट व्यवसायातील एक प्रमुख कंपनी बनली.

चित्रपटासाठी तबकडीचा वापर इ.स. १९७८ पासून होऊ लागला. त्या वर्षी डिसेंबर महिन्यात अमेरिकेतील अटलांटा शहरात लेसरडिस्क विक्रीस आली. तिच्यावर प्रसिद्ध झालेला पहिला चित्रपट 'जॉज' हा होता. सुमारे ३० सेंटिमीटर व्यासाची ही तबकडी महाग होती व तिच्यावर घरी मुद्रण करता येत नसे. त्यामुळे ती सर्वसामान्यांपर्यंत पोहोचली नाही. तथापि पुढील सर्व चित्रपट तबकड्यांचे मूलतत्त्व तिच्यात होते.

तंत्र व प्रकार

प्रकाशीय तबकडी ही पॉलिकार्बोनेट या पारदर्शक प्लॅस्टिकची असते. तिच्यात मळसूत्री मार्गावर अतिसूक्ष्म खाचा उमटवलेल्या असतात व त्यांवर धातूचा परावर्तक थर असतो. लेसर किरण या मार्गावरून जाताना खाच आणि सपाट भाग यांच्यामुळे परावर्तनात पडणारा फरक यंत्र वाचते आणि त्यातून चित्र व ध्वनी पुन्हा घडवते. किरणाची तरंगलांबी जितकी कमी, तितक्या खाचा लहान व मार्ग जवळजवळ ठेवता येतात. त्यामुळे १२ सेंटिमीटर हा व्यास कायम राहूनही तबकडीची क्षमता वाढत गेली.

• व्हीसीडी (१९९३): सीडीचाच वापर. एका तबकडीत सुमारे ७४ मिनिटांचे चित्रण. पाल पद्धतीत ३५२ × २८८ चित्रबिंदू. भारतीय चित्रपटासाठी दोन किंवा तीन तबकड्या लागत.

• डीव्हीडी (१९९६): ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा लेसर. क्षमता एका थरात ४.७ जीबी, दोन थरांत ८.५ जीबी. पाल पद्धतीत ७२० × ५७६ चित्रबिंदू.

• ब्लू-रे (२००६): ४०५ नॅनोमीटरचा निळसर-जांभळा लेसर. क्षमता २५ किंवा ५० जीबी. १९२० × १०८० चित्रबिंदू.

• अल्ट्रा एचडी ब्लू-रे (२०१६): क्षमता १०० जीबीपर्यंत. ३८४० × २१६० चित्रबिंदू.

डीव्हीडी व ब्लू-रे यांना क्षेत्र-संकेताचे बंधन घालण्याची सोय होती. डीव्हीडीसाठी जगाचे विभाग पाडण्यात आले होते. त्यांत अमेरिका पहिल्या आणि भारत पाचव्या क्षेत्रात येत असे. एका क्षेत्रासाठी काढलेली तबकडी दुसऱ्या क्षेत्रातील यंत्रावर चालू नये, असा यामागील हेतू होता. व्हीसीडीला असे बंधन नव्हते.

उत्कर्षाचा काळ

डीव्हीडी इ.स. १९९६ च्या नोव्हेंबरमध्ये जपानमध्ये आणि इ.स. १९९७ मध्ये अमेरिकेत आली. कॅसेटपेक्षा स्वच्छ चित्र, हव्या त्या प्रसंगावर थेट जाण्याची सोय, उपशीर्षके आणि फीत पुन्हा गुंडाळण्याच्या कटकटीतून सुटका यांमुळे ती झपाट्याने रुळली. अमेरिकेत इ.स. २००५-०६ च्या सुमारास डीव्हीडीची वार्षिक विक्री १६ अब्ज डॉलरहून अधिक होती. चित्रपटगृहात मिळालेल्या उत्पन्नात तबकड्यांच्या उत्पन्नाची मोठी भर पडत असल्यामुळे मध्यम खर्चाचे चित्रपट काढण्याचा धोका निर्माते पत्करू शकत.

तबकडीमुळे चित्रपटाच्या अभ्यासालाही साहाय्य झाले. क्रायटेरियन या अमेरिकन संस्थेने इ.स. १९८४ मध्ये 'किंग काँग' या चित्रपटाच्या लेसरडिस्कवर चित्रपटासोबत ऐकता येणारे अभ्यासकाचे भाष्य दिले. दिग्दर्शकाचे भाष्य, वगळलेले प्रसंग, निर्मितीची हकिकत हे पूरक साहित्य पुढे डीव्हीडीचा नित्याचा भाग बनले. ज्यांना चित्रपट शिक्षण संस्थेत प्रवेश घेणे शक्य नव्हते, अशा अनेकांसाठी ते अनौपचारिक पाठ्यपुस्तकच ठरले.

याच काळात अमेरिकेत नेटफ्लिक्सने डीव्हीडी भाड्याने देण्याची नवी पद्धत आणली. रीड हेस्टिंग्ज व मार्क रँडॉल्फ यांनी इ.स. १९९७ मध्ये स्थापन केलेली ही कंपनी इ.स. १९९८ पासून टपालाने डीव्हीडी पाठवू लागली. दुसऱ्या बाजूला इ.स. १९८५ मध्ये डॅलस येथे सुरू झालेल्या ब्लॉकबस्टर या दुकानांच्या साखळीची इ.स. २००४ मध्ये सुमारे ९,००० दुकाने होती.

ऱ्हासाची कारणे

१. आंतरजालाचा वाढलेला वेग. नेटफ्लिक्सने इ.स. २००७ च्या जानेवारीत स्ट्रीमिंग सुरू केले, तेव्हा त्यावर सुमारे १,००० चित्रपट व कार्यक्रम होते. घराघरांत वेगवान जोडणी पोहोचताच दुकानात जाण्याची वा टपालाची वाट पाहण्याची गरज संपली.

२. खर्चातील तफावत. एका नव्या तबकडीच्या किमतीत महिनाभर शेकडो चित्रपट पाहण्याची सोय होऊ लागली.

३. वाचक यंत्रांचे नाहीसे होणे. लॅपटॉप संगणकांतून तबकडीचा कप्पा गेला. भ्रमणध्वनी व टॅब्लेट यांना तो कधीच नव्हता. इ.स. २०२० मध्ये सोनीने प्लेस्टेशन ५ हे खेळयंत्र तबकडीच्या कप्प्यासह आणि कप्प्याविना अशा दोन रूपांत आणले.

४. स्वरूपांतील स्पर्धा. डीव्हीडीनंतरच्या पिढीसाठी ब्लू-रे आणि तोशिबा कंपनीची एचडी डीव्हीडी यांच्यात चढाओढ लागली. इ.स. २००८ च्या फेब्रुवारीत तोशिबाने माघार घेतली. परंतु तोवर कोणते यंत्र घ्यावे या संभ्रमात अनेक ग्राहक थांबून राहिले होते.

५. निर्मात्यांचे बदललेले धोरण. डिस्ने व इतर मोठ्या कंपन्यांनी स्वतःच्या स्ट्रीमिंग सेवा काढल्या. एकदाच होणाऱ्या विक्रीपेक्षा दरमहा येणारी वर्गणी त्यांना अधिक आकर्षक वाटू लागली.

अमेरिकेतील घटनाक्रम

ब्लॉकबस्टरने इ.स. २०१० च्या सप्टेंबरमध्ये दिवाळखोरी जाहीर केली. त्या नावाचे जगातील अखेरचे दुकान इ.स. २०१९ पासून ओरेगॉन राज्यातील बेंड या गावी उरले. इ.स. २०१८ मध्ये ओप्पो कंपनीने आणि इ.स. २०१९ मध्ये सॅमसंगने अमेरिकन बाजारासाठी ब्लू-रे यंत्रे काढणे थांबवले. एलजी कंपनीने इ.स. २०२४ च्या अखेरीस तोच निर्णय घेतला.

नेटफ्लिक्सची टपाल सेवा २९ सप्टेंबर २०२३ रोजी बंद झाली. पंचवीस वर्षांत तिने ५ अब्जांहून अधिक वेळा तबकड्या पाठवल्या होत्या. शेवटी पाठवलेल्या तबकड्या ग्राहकांनी परत न करता ठेवून घ्याव्यात, असे कंपनीने कळवले. बेस्ट बाय या विद्युत उपकरणांच्या दुकान-साखळीने इ.स. २०२४ मध्ये चित्रपट तबकड्यांची विक्री थांबवली. त्याच वर्षी, सुमारे २४,००० स्वयंचलित यंत्रांतून तबकड्या भाड्याने देणारी रेडबॉक्स ही सेवा मूळ कंपनीच्या दिवाळखोरीमुळे बंद पडली. अमेरिकेतील तबकड्यांची वार्षिक विक्री इ.स. २०२४ मध्ये १ अब्ज डॉलरच्या खाली आली.

भारत व महाराष्ट्र

भारतात डीव्हीडीपेक्षा व्हीसीडीचा प्रसार आधी व अधिक झाला. व्हीसीडीची यंत्रे स्वस्त होती आणि ती गावोगावच्या बाजारपेठांत मिळत. १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून चित्रपटांबरोबरच मराठी नाटके, लोकनाट्ये, कीर्तने आणि भक्तिगीतांचे कार्यक्रमही व्हीसीडीवर निघाले. ज्या गावात नाटकाचा दौरा पोहोचत नसे, तेथील प्रेक्षकाला गाजलेले नाटक व्हीसीडीवर पाहता येऊ लागले. क्षेत्र-संकेताची आडकाठी नसल्यामुळे परदेशी राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही या तबकड्या सोबत नेता येत.

किमतीच्या दृष्टीने मोसर बेअर या कंपनीचा प्रवेश निर्णायक ठरला. इ.स. १९८३ मध्ये स्थापन झालेली ही कंपनी कोऱ्या तबकड्यांची मोठी उत्पादक होती. इ.स. २००७ च्या सुमारास तिने मराठीसह अनेक भारतीय भाषांतील चित्रपटांच्या व्हीसीडी २८ रुपयांना व डीव्हीडी ३४ रुपयांना विकण्यास प्रारंभ केला. अनधिकृत तबकडीच्या जवळपास किमतीत अधिकृत तबकडी मिळाल्यास ग्राहक अधिकृत प्रतच घेईल, असा तिचा हिशेब होता. पुढे तबकड्यांची मागणीच ओसरली. कर्जबाजारी झालेल्या या कंपनीच्या अवसायनाचा आदेश इ.स. २०१८ मध्ये निघाला.

अनधिकृत प्रतींचा प्रश्न भारतात प्रारंभापासून तीव्र होता. नवा चित्रपट झळकल्यानंतर काही दिवसांतच त्याच्या चोरट्या तबकड्या पदपथावर विकल्या जात. महाराष्ट्र शासनाने धोकादायक व्यक्तींच्या विघातक कृत्यांना आळा घालणाऱ्या इ.स. १९८१ च्या कायद्यात, म्हणजेच 'एमपीडीए'मध्ये, इ.स. २००९ मध्ये दुरुस्ती करून 'व्हिडिओ पायरेट' म्हणजे चित्रफितींची चोरटी नक्कल करणाऱ्यांनाही त्याच्या कक्षेत आणले.

इ.स. २०१५ मध्ये हॉटस्टार, तर इ.स. २०१६ मध्ये नेटफ्लिक्स व ॲमेझॉन प्राइम व्हिडिओ या सेवा भारतात उपलब्ध झाल्या. इ.स. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये जिओची सेवा सुरू झाल्यानंतर मोबाइल डेटाचे दर कोसळले. एका जीबीसाठी दोन-अडीचशे रुपये मोजावे लागत, ते काही वर्षांत दहा-वीस रुपयांच्या घरात आले. परिणामी अनेक भारतीय कुटुंबे व्हीसीडीवरून ब्लू-रेकडे न वळता थेट भ्रमणध्वनीवरील चित्रपटाकडे वळली. मुंबईच्या काळा घोडा भागातील 'रिदम हाऊस' हे १९४०च्या दशकापासून चालत आलेले संगीत व चित्रपटांचे नामांकित दुकान इ.स. २०१६ च्या फेब्रुवारीअखेर बंद झाले. गल्लोगल्लीच्या सीडी लायब्ऱ्यांची जागा मोबाइल दुरुस्तीच्या व रिचार्जच्या दुकानांनी घेतली.

मालकी आणि परवाना

तबकडी व स्ट्रीमिंग यांतील मुख्य भेद तांत्रिक नसून कायदेशीर आहे. अमेरिकेच्या कायद्यात 'प्रथम विक्रीचे तत्त्व' मान्य आहे. त्यानुसार कायदेशीररीत्या विकत घेतलेली प्रत ग्राहक पुढे विकू शकतो, देऊ शकतो किंवा भाड्याने देऊ शकतो. त्यासाठी निर्मात्याची पुन्हा अनुमती लागत नाही. नेटफ्लिक्सच्या टपाल सेवेची उभारणी याच तत्त्वावर झाली होती. बाजारात आलेली कोणतीही डीव्हीडी विकत घेऊन तिला ती आपल्या संग्रहात ठेवता येत असे. स्ट्रीमिंगसाठी मात्र प्रत्येक चित्रपटाचा ठरावीक मुदतीचा, ठरावीक प्रदेशापुरता करार करावा लागतो. म्हणूनच त्या कंपनीच्या तबकड्यांच्या संग्रहात जेवढी विविधता होती, तेवढी तिच्या स्ट्रीमिंग सेवेत राहिली नाही.

करार संपला किंवा कंपनीचे धोरण बदलले की चित्रपट सेवेवरून जातो. डिस्ने प्लसवर इ.स. २०२३ च्या मे महिन्यात प्रदर्शित झालेला 'क्रेटर' हा चित्रपट दोन महिन्यांच्या आतच त्या सेवेवरून काढण्यात आला. तो चित्रपटगृहात प्रदर्शित झालेला नव्हता. अशा कृतीची तबकडी निघालेली नसेल, तर कंपनीच्या निर्णयापुढे प्रेक्षकाच्या हाती काहीच उरत नाही.

'विकत घेतलेल्या' डिजिटल प्रतीलाही हा धोका आहे. इ.स. २०२२ मध्ये जर्मनी व ऑस्ट्रियातील प्लेस्टेशन ग्राहकांनी पैसे देऊन घेतलेले स्टुडिओकॅनल या कंपनीचे चित्रपट त्यांच्या खात्यांतून जाणार असल्याचे त्यांना कळवण्यात आले. कॅलिफोर्निया राज्याने यासंबंधी केलेला कायदा १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. मिळत आहे तो केवळ परवाना असल्यास, ही गोष्ट ग्राहकाला स्पष्टपणे सांगितल्याखेरीज विक्रेत्याला 'विकत घ्या' अशा स्वरूपाचे शब्द वापरता येत नाहीत.

तबकडीच्या मालकीलाही मर्यादा आहेत. तबकडी विकत घेतली म्हणून चित्रपटाचे हक्क मिळत नाहीत. भारतात ती घरी पाहता येते; सार्वजनिक प्रदर्शनासाठी मात्र हक्कधारकाची वेगळी अनुमती लागते.

जतनाचा प्रश्न

चित्रपटाचे खरे जतन मूळ निगेटिव्ह, फिल्मच्या प्रती आणि उच्च दर्जाच्या डिजिटल प्रती यांतून होते. भारतात हे कार्य इ.स. १९६४ मध्ये पुणे येथे स्थापन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय करते. व्हीसीडीवरील चित्र अतिशय संक्षेपित असल्यामुळे ती जतनाची प्रत ठरू शकत नाही. असे असले, तरी हजारो घरांत विखुरलेल्या तबकड्या हा एक प्रकारचा अनौपचारिक संग्रह असतो. एका ठिकाणी आग लागली, एखादी कंपनी बुडाली किंवा हक्कांचा वाद न्यायालयात अडकला, तरी सर्व प्रती एकाच वेळी नाहीशा होत नाहीत.

भारतात इ.स. १९५४ च्या कायद्याने प्रकाशकाला प्रत्येक पुस्तकाच्या प्रती ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांना द्याव्या लागतात. हा कायदा चित्रपटांना लागू नाही. जो जुना मराठी चित्रपट अथवा नाटक कोणत्याही स्ट्रीमिंग सेवेवर नाही, त्याच्या बाबतीत कोणाच्या तरी कपाटातील व्हीसीडी हीच सामान्य अभ्यासकाच्या आवाक्यातील एकमेव प्रत असू शकते. लोकप्रिय चित्रपट नव्या माध्यमात सहज जातात. कमी पाहिले गेलेले चित्रपट आणि नाटकांची ध्वनिचित्रमुद्रणे मागे राहतात. माध्यम बदलताना होणारी हानी त्यामुळे सर्वांच्या वाट्याला सारखी येत नाही.

पुनरुज्जीवित चित्रपटांच्या प्रसारात तबकडीचे स्थान टिकून आहे. सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीच्या मूळ निगेटिव्हची लंडनमध्ये इ.स. १९९३ मध्ये लागलेल्या आगीत मोठी हानी झाली होती. तिचे पुनरुज्जीवन करून क्रायटेरियनने इ.स. २०१५ मध्ये ती ब्लू-रेवर प्रसिद्ध केली.

तबकडीच्या मर्यादा व निगा

तबकडी अमर नाही. परावर्तक थराचे ऑक्सिडीकरण झाल्यास किंवा जोडलेले थर सुटू लागल्यास तबकडी वाचता येत नाही. निर्मितीतील दोषामुळेही असे घडते. वॉर्नर ब्रदर्सच्या इ.स. २००६ ते २००८ या काळातील काही डीव्हीडी अशा प्रकारे निकामी होत असल्याचे त्या कंपनीने इ.स. २०२५ मध्ये मान्य केले. शिवाय तबकडी शाबूत असली, तरी ती वाचणारे यंत्र व त्याचे सुटे भाग मिळेनासे झाल्यास तिचा उपयोग उरत नाही. दृष्टिहीन वा श्रवणदोष असलेल्या प्रेक्षकांसाठी वर्णन आणि उपशीर्षके नंतर जोडण्याची सोय स्ट्रीमिंगमध्ये आहे. एकदा छापलेल्या तबकडीत ती नाही.

तबकडी कडेने किंवा मधल्या छिद्राला बोट लावून धरावी. ती डबीत उभी ठेवावी. ऊन, उष्णता व दमट हवा यांपासून ती जपावी. कोकणासारख्या प्रदेशात पावसाळ्यात याकडे विशेष लक्ष द्यावे लागते. पुसताना मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे पुसावे, गोलाकार पुसू नये. लेबलाच्या बाजूवर टोकदार लेखणीने लिहू नये. सीडीचा परावर्तक थर त्याच बाजूला अगदी वर असतो. लग्नसमारंभ, शाळेचे स्नेहसंमेलन यांची चित्रणे बहुधा घरगुती मुद्रणाच्या सीडी वा डीव्हीडीवर असतात. त्यांत रंगद्रव्याचा थर असतो व तो छापील तबकडीच्या तुलनेने लवकर खराब होऊ शकतो. त्यामुळे ती चित्रणे वेळीच दुसऱ्या साठवण-साधनावर उतरवून घेणे इष्ट असते.

सद्यःस्थिती

तबकडी पूर्णपणे नामशेष झालेली नाही. सर्वसामान्य ग्राहक दूर गेला असला, तरी संग्राहक, अभ्यासक आणि चित्र-ध्वनीच्या दर्जाविषयी आग्रही असलेले प्रेक्षक तिला धरून आहेत. ४के स्ट्रीमिंगसाठी साधारणतः सेकंदाला १५ ते २५ मेगाबिट वेगाची जोडणी पुरते, तर अल्ट्रा एचडी ब्लू-रेचा कमाल वेग सुमारे १२८ मेगाबिटपर्यंत जातो. इ.स. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये 'ओपनहायमर'ची ४के तबकडी अनेक दुकानांत पहिल्याच आठवड्यात संपली. त्याचे दिग्दर्शक ख्रिस्तोफर नोलन यांनी चित्रपटाची तबकडी घरी ठेवण्याचे जाहीर समर्थन केले होते. मात्र ही बाजारपेठ लहान व महाग आहे. डिस्नेने ऑस्ट्रेलियात इ.स. २०२३ मध्ये तबकड्या काढणे थांबवले आणि इ.स. २०२४ मध्ये उत्तर अमेरिकेतील आपल्या तबकड्यांचे काम सोनीकडे सोपवले.

घरोघरची पाहण्याची सवय स्ट्रीमिंगने जिंकली आहे. कराराची मुदत संपल्यावरही चित्रपट कोणाच्या तरी हाती राहावा, यासाठी तबकडीनंतर कोणती व्यवस्था असावी, हा प्रश्न मात्र अनिर्णित आहे. सार्वजनिक संग्रहालये, ग्रंथालये व विद्यापीठे यांना चित्रपटांच्या प्रती ठेवण्याचा अधिकार व साधने कितपत मिळतात, यावर त्याचे उत्तर अवलंबून राहील.

हे सुद्धा पहा

• राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय
• मराठी चित्रपट
• डीव्हीडी
• ब्लू-रे
• प्रताधिकार